बाई लोकसेवक होत्या

आमच्या ऑफिसात दर वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एक कागद यायचा आणि तो कुठं लावायचा हे कुणालाच कळायचं नाही. फुलस्केपच्या दोन्ही बाजूंनी ठसठशीत अक्षरात लिहिलेला. आमच्या सल्लागार समितीवरच्या बाई तो स्वतः आणून द्यायच्या. वर विषय : ‘माझ्या मालमत्तेचे व हितसंबंधांचे वार्षिक विवरण’. खाली एकेक ओळ. राहतं घर, दोन खोल्या, आईकडून आलेलं. स्कूटर एक, जुनी. शिवणयंत्र एक, चालू. बांगड्या चार, पैकी दोन आईच्या. भाऊबीजेच्या साड्या एकवीस, पैकी नेसण्याजोग्या नऊ. चुलतभाची एका बांधकाम कंपनीत नोकरीला; तिच्या कंपनीचं काम समितीपुढे आजवर आलेलं नाही, आल्यास कळवीन.

आवक टेबलावर तेव्हा एक चाचा बसायचे. ते चष्मा कपाळावर चढवून कागद उलटसुलट करायचे.

“बाई, ये कहाँ लगाऊँ? नौकर लोगां का रजिस्टर है, ठेकेदारां का है. तुमारा तो खाना इच नहीं है.”

“मग आखा की,” बाई म्हणायच्या. “पट्टी देऊ?”

आणि पर्समधून खरंच सहा इंची पट्टी काढायच्या.

चाचांनी शेवटी एक नवी फाइल उघडली आणि तिच्या पाठीवर नुसतं ‘बाई’ असं लिहिलं. त्या फाइलीत आठ वर्षांत आठ कागद जमले. समितीवर आणखी सहा जण होते. त्यांचा एकही नाही.

बाई मुलींच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. लग्न केलेलं नव्हतं. पाठच्या भावाला त्यांनीच वाढवलं, कारण आई आजारी आणि वडील कचेरीतून येऊन वर्तमानपत्रात तोंड घालणारे. उंची जेमतेम पाच फूट, आवाज मात्र शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. आम्हा सगळ्यांशी, म्हणजे साहेबांपासून लिफ्टमनपर्यंत, त्या नववीच्या वर्गाशी बोलावं तशा बोलायच्या. मी देवगाव रंगारीचा, शेतकरी घरातला, कायद्याची पदवी घेऊन नुकताच विधी शाखेत सहायक म्हणून लागलेलो; समितीचं इतिवृत्तही मीच लिहायचो. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, “देवगावची नदी कुठल्या दिशेला वाहते?” मला सांगता आलं नाही. “अठरा वर्षं पोहलास ना तिच्यात?” म्हणाल्या. पुढच्या बैठकीला मी उत्तर घेऊन गेलो, तेव्हा त्यांनी मान हलवली आणि मला ‘वकील’ म्हणायला सुरुवात केली.

आमच्या शहराखालून जुन्या काळची नहर जाते. जमिनीखाली दगडचुन्यात बांधलेला पाण्याचा पाट म्हणा. डोंगराकडनं पाणी आणायचा, उताराउतारानं, पंपाशिवाय. आता बहुतेक ठिकाणी वर घरं, दुकानं, रस्ते झालेत आणि ती नेमकी कुठून जाते याचा धड नकाशा कुणाकडे नाही. होता तो बाईंकडे. शाळेत असताना दर हिवाळ्यात त्या मुलींना घेऊन निघायच्या. दोन मुली टेप धरणार, एक वहीत आकडे लिहिणार, बाई पुढे काठीनं जमीन ठोकत आवाज ऐकणार. जिथं झाकण सापडेल तिथं रस्त्यात पालथ्या झोपून कान लावणार. रिक्षावाले हॉर्न वाजवायचे. “थांब रे, पाण्याचं ऐकू दे आधी,” असं त्या पडल्यापडल्या म्हणायच्या. अशा कितीतरी हिवाळ्यांचा तो नकाशा मेणकापडावर काढलेला होता. कित्येक मुलींचं हस्ताक्षर होतं त्यावर.

म्हणून त्यांना समितीवर घेतलं. नहरीच्या आसपास कुणाला बांधायचं असेल तर प्रस्ताव या समितीपुढे यायचा. समिती फक्त शिफारस करायची, निर्णय साहेबांचा. पगार नाही, मानधन नाही, महिन्याच्या पहिल्या मंगळवारी बैठक आणि चहा. बाई तो चहाही घ्यायच्या नाहीत. घरून थर्मास आणायच्या.

“बाई, एक कप घ्या हो,” मी एकदा आग्रह केला.

“ऑफिसचा चहा पोटात गेला की ऑफिससारखं बोलावंसं वाटतं,” म्हणाल्या.

हे सगळं लोकांना गमतीचं वाटायचं. मलाही. एका वर्षी बिडकीनच्या एका माणसाचं काम समितीतनं सरळ पार पडलं. त्याची कागदपत्रं खरंच नीट होती. त्यानं खुशीत सातही सदस्यांच्या घरी पेढ्यांचा एकेक खोका पाठवला. सहा खोके खाल्ले गेले. सातवा खोका घेऊन बाई भर उन्हात स्कूटरवर बिडकीनला निघाल्या. तो माणूस घरी नव्हता. त्याची म्हातारी आई होती. तिनं पेढे परत घेतले, पण बाईंना दारातून परत पाठवायला ती तयार होईना. “एवढ्या उन्हाची आलीस माय, अन् उपाशी जातीस व्हय? माझ्या दारातनं नाय कुणी गेलं उपाशी.” तव्यावरची ज्वारीची भाकरी, पिठलं आणि ठेचा समोर ठेवून ती शेजारी वारा घालत बसली. बाईंचा अगदी नाइलाज झाला. जेवल्या.

पुढच्या एप्रिलच्या विवरणात शेवटची ओळ होती : ‘प्रस्तावकाच्या घरी एक भाकरी, पिठले व ठेचा स्वीकारला. कारण : आजींचा आग्रह. प्रस्ताव आधीच मंजूर झालेला होता.’

चाचांनी तो कागद साऱ्या मजल्यावर फिरवला. आम्ही पोट धरून हसलो. मीही हसलो, हे आता लिहिताना बरं वाटत नाही.

समितीत एक आर्किटेक्ट सर होते. माणूस गोड, वाचलेला, बोलणं मऊ. एका मंगळवारी उत्तरेकडच्या भागातल्या एका मोठ्या इमारतीचा प्रस्ताव आला. तळघरात दोन मजली पार्किंग. बाईंच्या नकाशाप्रमाणं नहर बरोबर त्या तळघरातून जात होती. आर्किटेक्ट सर प्रस्तावाच्या बाजूनं पंधरा मिनिटं छान बोलले. ते संपल्यावर बाईंनी विचारलं, “आराखडा कुणी काढलाय?”

“कागदावर आहे, मॅडम.”

“कागदावर तुमच्या भागीदाराची सही आहे. म्हणून विचारते.”

आर्किटेक्ट सर हसले. “मॅडम, मी इथं सल्ला द्यायला येतो. मी काही लोकसेवक नाही. सरकारी नोकराचे नियम मला कसे लागतील? तसं तर तुम्हालाही लागत नाहीत. उगीच त्रास करून घेता.”

“मला लागतात,” बाई म्हणाल्या. “या खुर्चीत बसले की मी खुर्चीची. उठले की माझी.”

अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त अधिकारी, सज्जन आणि भांडणाला घाबरणारे. त्यांनी प्रश्न आमच्या विधी शाखेकडे पाठवला : सल्लागार समितीचे सदस्य लोकसेवक ठरतात काय?

आमच्या विधी अधिकाऱ्यांनी मला बोलावलं. “लिही. पगार नाही, निर्णयाचा अधिकार नाही, सबब लोकसेवक नाहीत. दीड पानात संपव.”

“सर, पण व्याख्या बघितली तर—”

“व्याख्या मीपण बघितलीय. उद्या हे सगळे लोकसेवक ठरले, सगळ्यांना विवरणं भरायला लावली, तर समितीवर यायला तयार कोण होणार? शहाणी माणसं मिळतात ती फुकट मिळतात, त्यांना घाबरवू नको.”

त्यांचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. मी नोकरीत कायम व्हायचो होतो. दीड पान लिहिलं. खाली त्यांची सही झाली.

दुसऱ्या दिवशी बाई माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या. हातात माझ्या अभिप्रायाची प्रत.

“तू लिहिलंस?”

“व्हय बाई.”

“शुद्धलेखन चांगलं आहे.” कागद त्यांनी टेबलावर सरळ करून ठेवला. “पण उत्तर पाठ केल्यासारखं वाटतं. प्रश्न वाचून लिहिलेलं नाही. कायद्यात लोकसेवक कोण, हे पगारावरून ठरवलंय का कामावरून?”

“कामावरून पण.”

“मला या खुर्चीवर कुणी बसवलं?”

“सरकारनं.”

“काम कुणाचं?”

“लोकांचं. पण बाई, आपण निर्णय नाय घेत. नुसता सल्ला देतो.”

“तू आल्यापासून साहेबांनी समितीचा सल्ला कितीदा परत पाठवला?”

मी आठवून बघितलं. “एकदापण नाय.”

“मग?”

त्या रागावल्या नाहीत. उठताना फक्त म्हणाल्या, “तुझ्या सरांनी सांगितलं असेल. मला माहिती आहे. मीपण शाळेत नोकरीच केली.”

पुढच्या बैठकीत प्रस्तावाची शिफारस झाली. चार विरुद्ध तीन. आर्किटेक्ट सरांचं मत धरून चार. ते धरलं नसतं तर बरोबरी झाली असती आणि प्रस्ताव फेरतपासणीला गेला असता. पाया खणताना नहरीची चुन्यातली दगडी भिंत लागली, हे मला बाईंनी फोन करून सांगितलं. मी गेलो तेव्हा त्या खड्ड्याच्या कडेला छत्री धरून उभ्या होत्या. तिथल्या एका मजुरानं त्यांना बसायला सिमेंटची रिकामी गोणी दुमडून दिली होती. त्या बसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही गेल्या. तिसऱ्या दिवशी भिंत तिथं नव्हती. आता तिथं सात मजले आहेत आणि खाली एक चांगलं मिठाईचं दुकान. बायको तिथून काही आणू म्हणाली की मी दुसऱ्या रस्त्यानं जातो.

त्यानंतर साधारण वर्षानं विषयपत्रिकेत चौथ्या क्रमांकावर एक छोटा निवासी प्रस्ताव आला. अर्जदाराचं आडनाव बाईंचं. मी फोन केला.

“बापू आहे,” बाई म्हणाल्या. “माझा भाऊ.”

बापूंनी वाळूजच्या एका कारखान्यात तीस वर्षं शिफ्ट केल्या होत्या. निवृत्तीनंतर बहिणीला न सांगता प्लॉट घेतला, तिला एकदम नकाशा दाखवून चकित करायचं म्हणून. दुमजली घर, वर दोन मुलांचे दोन संसार, खाली पूर्वेला एक खोली. त्या खोलीवर त्यांनी आर्किटेक्टकडून मुद्दाम लिहून घेतलं होतं : ‘ताई’. बाईंनी तो नकाशा बघितला, मग आपलं मेणकापड उघडून बघितलं. नहर प्लॉटच्या मधोमध जात होती.

“घेण्याआधी विचारायचं होतंस रे,” एवढंच त्या भावाला म्हणाल्या होत्या. आणि बापू म्हणाले होते, “ताई, तू समितीवर आहेस. मला वाटलं, आपल्याला कसली भीती?”

बैठकीत चौथा विषय पुकारला. बाई उठल्या. “अर्जदार माझा सख्खा भाऊ आहे. मी या विषयात बसणार नाही. नोंद घ्या.”

“बसा हो बाई,” अध्यक्ष मनापासून म्हणाले. “विधी शाखेचा अभिप्राय आहे ना. आपल्याला तो नियमच लागत नाही.”

बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही. मी इतिवृत्ताच्या वहीत बघत होतो. त्या दाराबाहेर गेल्या. दाराबाहेर बाकावर बापू बसले होते. त्यांना आत बोलावलं.

तिथून पुढचं सगळं सोपं होतं. बाहेर गेलेल्या बाईंनी गप्प बसायचं होतं, झालं. समितीतल्या दुसऱ्या कुणाला नहर कुठून जाते हे ठाऊक नव्हतं. सदस्य म्हणून त्या बाजूला झाल्या होत्या, कुणी त्यांना नाव ठेवलं नसतं. अध्यक्षांनी शिफारसीची वाक्यं सांगायलाही सुरुवात केली. मी लिहीतही होतो. तेवढ्यात दार उघडलं आणि बाई आत आल्या. पण आपल्या खुर्चीकडे गेल्या नाहीत. टेबलाच्या या बाजूला, अर्जदार उभे राहतात तिथं, बापूंच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या.

“मी आता सदस्य म्हणून आलेले नाही,” म्हणाल्या. “शहरात राहणारी बाई म्हणून आले. या प्लॉटची माहिती माझ्याकडे आहे. समितीनं ती घ्यावी.”

मेणकापड टेबलावर पसरलं. बापू बहिणीकडे बघत राहिले.

अध्यक्षांना बापूंची दया आली असावी. ते हळूच म्हणाले, “बाई, ही रेघ अंदाजानं काढलेली असेल ना? मुलींनी मोजलेलं. पाचपंधरा फूट इकडं तिकडं होतंच की.”

केवढा रस्ता मोकळा करून दिला होता त्यांनी! नुसतं ‘असेल’ म्हणायचं होतं.

“अंदाजानं नाही,” बाई म्हणाल्या. “त्या वर्षी टेपचं एक टोक मी स्वतः धरलं होतं.” आणि रेघेवर बोट ठेवलं.

बापू म्हणाले, “ताई.” एवढंच. समजवायचा सूर नव्हता, रागाचाही नव्हता. लहानपणी हात सुटल्यावर पोर म्हणेल तसं म्हणाले. साठीचा माणूस.

रेघेपासून दोन्हीकडे जागा सोडून बांधावं, अशी शिफारस झाली. म्हणजे निम्मा प्लॉट गेला. वरचा मजला गेला नाही, पण दोन संसार मावतील असं घर राहिलं नाही. थोरला मुलगा भाड्यानं दुसरीकडे गेला. खालची पूर्वेची खोली नकाशातून गेली.

बापूंनी बोलणं टाकलं. त्या दिवाळीला भाऊबीजेच्या दिवशी मी फराळाचा डबा द्यायला बाईंकडे गेलो होतो. पाट मांडलेला, ओवाळायचं तबक भरून ठेवलेलं, निरांजनात वात. दुपारचे चार वाजले होते. “बस,” म्हणाल्या. मी पाटावर बसायचं का खुर्चीत, ते मला कळेना. मी खुर्चीत बसलो. त्यांनी चहा केला. रस्त्यावर स्कूटर थांबली की त्यांची मान वळायची.

एप्रिलमध्ये विवरण आलं. चाचांनी ते ह्या वेळी मजल्यावर फिरवलं नाही. माझ्या टेबलावर आणून ठेवलं आणि एका ओळीवर बोट टेकवलं. ‘भाऊबीजेच्या साड्या : गेल्या वर्षीइतक्याच. यंदाची नाही.’

त्या आठवड्यात मी नवी टिपणी लिहायला घेतली. साडेतीन पानं झाली. माझा आधीचा अभिप्राय चुकीचा होता, हे पहिल्याच परिच्छेदात लिहिलं. ज्याला सार्वजनिक काम करायला सरकारनं बसवलं आणि ज्याच्या शब्दावर सही होते, त्यानं आपलं-परकं सांगूनच बसलं पाहिजे, पगार असो वा नसो. विधी अधिकाऱ्यांनी टिपणी ड्रॉवरमध्ये ठेवली. तिथं ती त्यांची बदली होईपर्यंत राहिली. त्यांच्या जागी आलेल्या मॅडमनी ती वाचली, दोन ठिकाणी दुरुस्त केली आणि पुढे पाठवली. आता समितीवरच्या नेमणुकीच्या पत्रात तसं कलमच आहे. आर्किटेक्ट सरांनी मुदत संपल्यावर पुन्हा नेमणूक घेतली नाही. बाकीचे भरतात विवरण. शहाणी माणसं यायची काही थांबली नाहीत.

मी मंजूर टिपणीची प्रत बाईंना नेऊन दिली. त्यांनी उभ्याउभ्याच सगळी वाचली. “उशीर केलास,” म्हणाल्या. मग थोड्या वेळानं म्हणाल्या, “पण चूक आपली आहे असं लिहिलंस. तेवढं फार कमी लोक लिहितात.”

“बाई, त्या दिवशी तुम्ही बाहेरच थांबला असता तर?” मी बरेच दिवस पोटात ठेवलेलं विचारलं. “नियमानं तेवढंच पुरं होतं.”

“होतं ना. नियम पाळला असं म्हणून घरही मिळालं असतं.” त्यांनी कागदाची घडी घातली. “म्हणूनच आत आले.”

बाईंना जाऊन आता दीड वर्ष झालं. शेवटची दोन वर्षं त्या समितीवर नव्हत्या, पण मी महिन्यातून एकदा जायचो. त्यांच्याकडे बोलायला पुष्कळ असायचं; भावाचा विषय मात्र त्या कधी काढत नसत आणि मीही विचारत नसे. एका मार्चमध्ये गेलो तर दाराला कुलूप. शेजारची म्हणाली, महिना झाला, भावाकडे आहेत. वहिनीचं ऑपरेशन झालंय.

पुढच्या खेपेला बाई घरी भेटल्या. ओसरीवर बसून मटार सोलत होत्या. मला बघून शेजारी सरकल्या.

“वहिनीला उठता येत नव्हतं,” त्या आपणहून सांगू लागल्या. “धाकटी सून कामाला जाते. मी फोनबिन काही केला नाही, पिशवी भरली आणि गेले. बापूनं दार उघडलं. बाजूला झाला, मी आत गेले. बोलला नाही. मी स्वयंपाक करायची, तो जेवायचा. ताट उचलून मोरीत ठेवायचा. बोलायचा नाही. मी पुढच्या खोलीत सतरंजी टाकून झोपायची. आठ दिवस असेच गेले.”

एक शेंग हातातच राहिली.

“नवव्या दिवशी सकाळी मी भाजी निवडत बसले होते. तो मागनं आला. दोन वर्षांनी तोंड उघडलं त्यानं. काय म्हणाला माहितीय?”

“काय?”

“‘ताई, अंघोळीला पाणी काढलंय.’”

बाईंनी पदरानं नाक पुसलं. सगळ्या आयुष्यात मी त्यांना तेवढं एकदाच रडताना बघितलं. मी विचारलं, “मग तुम्ही काय म्हणालात?”

“म्हणायचं काय? उठले, अंघोळ केली.”